क्लिअर ज्यूस पंप: दर पंधरवड्याला सील गळते आणि मागोमाग बेअरिंग जाते, मूळ कुठे शोधावे?

गाळपकर, १७ जानेवारी

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलिंग हाऊसच्या मेंटेनन्सची जबाबदारी माझ्याकडे आहे. क्लॅरिफायरमधून (रसातला गाळ खाली बसवणारी टाकी) निघालेला स्वच्छ रस इव्हॅपोरेटरकडे (रस आटवणारी भांडी) पाठवणारे आमचे दोन पंप आहेत, एक चालू आणि एक राखीव. दोन्ही आडवे असून इम्पेलर शाफ्टच्या टोकाला आहे, मोटर ४५ किलोवॉटची आणि फेरे मिनिटाला १४८०. पंपाकडच्या बाजूला एनयू ३१० हे रोलर बेअरिंग आणि कपलिंगकडे, म्हणजे मोटर जोडलेल्या टोकाला, ७३१० या बॉल बेअरिंगांची जोडी पाठीला पाठ लावून बसवलेली आहे. दोन्ही ठिकाणी व्हीजी ६८ ऑइल आहे. रस ९५ ते ९७ अंशांचा असतो.

गेल्या ऑफ सीझनमध्ये या पंपावर दोन बदल झाले. ग्लँडमधून रस गळून फाउंडेशनवर चिकट थर साचत असे, त्यावर गांधीलमाश्या घोंगावत आणि सकाळच्या पाळीची माणसे तिथे झाडायलाही जात नसत, म्हणून ग्लँड (शाफ्टभोवती दोरीचे पॅकिंग आवळून रस अडवण्याची जुनी पद्धत) काढून एकेरी मेकॅनिकल सील बसवले, ज्यात दोन गुळगुळीत कड्या एकमेकींवर फिरून रस अडवतात. शिवाय रसाची टाकी सरकवल्यामुळे सक्शन लाइन, म्हणजे पंपात रस आणणारा पाइप, नव्याने टाकावी लागली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झाले. तेव्हापासून चालू पंपाची तीन सील आणि बेअरिंगांचे दोन संच गेले. क्रम दर वेळी तोच असतो. बारा-पंधरा दिवसांनी सीलपाशी तपकिरी, काचेसारखा टणक थर दिसू लागतो, मग थेंब सुरू होतात, त्यानंतर काचेतून दिसणारे ऑइल ताकासारखे पांढुरके होते, आणि आणखी तीन-चार दिवसांत कपलिंगकडचे बेअरिंग घरघरू लागून हाउसिंगचे तापमान ८८ अंशांपर्यंत चढते. अलाइनमेंट (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आणणे) डायल गेजने थंड स्थितीत केले आहे आणि ते ०.०४ मि.मी.च्या आत आहे. सीलवर साखर गोठू नये म्हणून अर्ध्या इंची वाफेची लाइनही दिलेली आहे.

स्टोअरचे म्हणणे आहे की बेअरिंग नकली आले असावे. आमचे चीफ इंजिनिअर साहेब म्हणतात, सील काढा आणि पुन्हा ग्लँड लावा. मला मात्र एवढेच कळून घ्यायचे आहे की सीलमुळे बेअरिंग जात आहे, की बेअरिंगमुळे सील. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय चौथे सील बसवण्याची माझी तयारी नाही.

जुनाफिटर, १७ जानेवारी

आपण क्रम नीट लिहिला आहे, हे फार चांगले झाले. निम्मे लोक फक्त “पंप आवाज करतो” एवढेच सांगतात. मी ३४ वर्षे साखर कारखान्यांतच काढली, आता घरी असतो. माझी पहिली विनंती अशी की निघालेली बेअरिंग्ज भंगारात गेली असतील तर आजच्या आज माणूस पाठवून परत आणा, आणि ती डिझेलमध्ये धुण्याआधी पाहा. धुतले की अर्धा पुरावा गेला. आधी ऑइलचा रंग, तळाशी बसलेला गाळ आणि पिंजऱ्यावरची पूड पाहावी, मग धुवावे, आणि मग बाहेरची रिंग ग्राइंडरने दोन ठिकाणी कापून आतला मार्ग उन्हात धरावा.

गोळ्या किंवा रोलर जिथून पळतात तिथे रिंगवर मंद, राखाडी पट्टा उमटतो. त्या पट्ट्यात बेअरिंगाची सगळी हकिकत असते. आपल्या ७३१० मध्ये बाहेरच्या रिंगवरचा पट्टा एका खांद्याकडे सरकलेला, पण सगळीकडे सारख्याच रुंदीचा असायला हवा. तो एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली असा तिरका गेला असेल, तर रिंग वाकडी बसली आहे किंवा शाफ्ट वाकतो आहे. एनयू ३१० च्या बाहेरच्या रिंगवर भार एकाच बाजूला दिसला पाहिजे. समोरासमोर दोन पट्टे दिसले, तर हाउसिंग चिमटले जाऊन अंडाकृती झाले आहे असे समजा. गोळ्यांच्या अंतरावर काळसर रेघा असतील, तर पंप बंद उभा असताना आत पाणी होते. त्याच अंतरावर चकचकीत खळगे असतील, तर बसवताना कोणीतरी बाहेरच्या रिंगवर हातोडा घातला आहे. निळसर झाक म्हणजे बेअरिंग तापले, पण ते कशाने तापले हे त्यावरून कळत नाही.

घासण्याच्या फळीसारख्या आडव्या, सारख्या अंतरावरच्या रेघा दिसल्या, तर वीज बेअरिंगातून गेली आहे. एका कारखान्यात ऑफ सीझनला पंपाच्या डिस्चार्ज पाइपवर वेल्डिंग चालू होते आणि वेल्डरने अर्थिंगची क्लॅम्प मोटरच्या पायाला लावली होती. करंट कपलिंगमधून, दोन्ही बेअरिंगांतून फिरून गेला. पंप हंगामात पाच दिवस चालला. क्लॅम्प नेहमी जिथे वेल्ड करायचे त्याच पाइपला, वेल्डच्या शेजारी लावायची. आपल्याकडे सक्शन लाइन नवीन टाकली आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

नकली बेअरिंग असू शकते, पण नकली बेअरिंग ऑइल पांढरे करत नाही. स्टोअरला एवढे मात्र अवश्य विचारा की ७३१० ही जोडीने बसवण्यासाठी बनवतानाच जुळवून घासलेली (ग्राइंड केलेली) आहेत का. कुठलीही दोन साधी ७३१० शेजारी ठेवली म्हणजे जोडी होत नाही; एक तर ती आपसात ढिली राहतात, नाहीतर एकमेकांना आवळून तापतात.

बसवताना इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवा, १२० च्या वर नेऊ नका. हिशेब सोपा आहे: ५० मि.मी. भोक ३० अंशांवरून ११० वर गेले की जवळजवळ ०.०५ मि.मी. मोठे होते, आणि शाफ्टवरची घट्ट बसणी साधारण त्याच्या निम्म्याहून कमी असते. बेअरिंग हातमोज्याने उचलून सरकवले की खांद्यापर्यंत आपोआप जाते. थंड होताना ते खांद्यापासून किंचित मागे येते, म्हणून लॉकनट लगेच हलके आवळून ठेवावे. गॅसच्या ज्योतीने तापवणाऱ्या फिटरला चहा पाजून घरी पाठवावे.

आता ग्लँडबद्दल. रसाची नासाडी होते म्हणून ग्लँड काढली असेल, तर हा हिशेब पाहा. चांगली ग्लँड मिनिटाला चाळीस ते साठ थेंब गळायलाच हवी, कारण तेच तिचे वंगण आणि थंडावा आहे. साठ थेंब म्हणजे सुमारे तीन मिलिलिटर, दिवसाला सव्वाचार लिटर, आणि १२० दिवसांच्या गाळपात पाचशे-सव्वापाचशे लिटर रस. त्यात साखर किती, तर सत्तर किलोच्या आसपास, म्हणजे दीड पोते. एका सीलच्या किमतीत किती पोती येतात ते आपणच पाहा. ग्लँड बदनाम होते ती स्लीव्हला चरे पडल्यावर, आणि एकाच बाजूचा नट आवळणाऱ्या पाळीवाल्यांमुळे.

सीलचे_काम, १८ जानेवारी

मी भोसरीत मेकॅनिकल सील दुरुस्तीचे काम करतो. वरच्या प्रतिसादातील बेअरिंगाचे वाचन मला पूर्ण मान्य आहे, ग्लँडचा हिशेब तेवढा मान्य नाही. ग्लँडला सीलिंग वॉटर दिले, तर त्यातले बरेचसे पाणी रसात जाते आणि तेच पाणी पुढे इव्हॅपोरेटरमध्ये वाफ खर्च करून काढावे लागते. तो खर्च दीड पोत्यात येत नाही.

मूळ प्रश्नात एक वाक्य सहज लिहून गेलेले आहे, ते म्हणजे “अर्ध्या इंची वाफेची लाइनही दिलेली आहे.” त्या लाइनवर दाबाचे घड्याळ आहे का? वाफ कोरडी आहे का? वाफेतले पाणी काढून टाकणारा ट्रॅप कुठे आहे? सीलच्या हवेकडच्या बाजूला वाफ द्यायची ती फक्त तिथे साखर कोरडी पडू नये एवढ्यासाठी, आणि त्याला पाव किलो दाब पुष्कळ होतो. आपला कॉक अर्धा उघडा असेल, तर ती वाफ शाफ्टला लागून बाहेर येते आणि चार बोटांवर असलेल्या बेअरिंग हाउसिंगच्या ऑइल सीलवर थेट आदळते. रबरी ओठ वाफ अडवण्यासाठी बनवलेला नसतो. वाफ आत जाते, थंड होऊन पाणी होते, आणि ऑइल ताकासारखे दिसते. पंप थांबला की हाउसिंग थंड होताना बाहेरची ओली हवा आणखी आत ओढते.

याचा अर्थ सील गळण्याआधीही ऑइलमध्ये पाणी जात असणार. सील गळून ऑइल खराब झाले असे आपल्याला वाटते, कारण थेंब डोळ्यांना दिसतात आणि वाफ दिसत नाही. पुढच्या वेळी सील कोरडे असतानाच रोज ड्रेन प्लग किंचित सैल करून पहिले चमचाभर ऑइल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर उभे ठेवा.

वाफेऐवजी गरम कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) द्यावे. एपीआय ६८२ या पंपांच्या सीलसाठीच्या मानकात याला प्लॅन ६२ म्हणतात. मिनिटाला एखादा लिटर, खालच्या छिद्रातून मोकळे वाहून जाणारे, आणि त्या छिद्राचा पाइप कधीही बंद न करता. साखर गरम पाण्यात विरघळते, त्यासाठी वाफच हवी असे नाही. हाउसिंगला रबरी ऑइल सीलऐवजी लॅबिरिंथ प्रकारचा, म्हणजे वळणावळणाच्या फटीने पाणी अडवणारा, आयसोलेटर मिळतो, तो घासत नाही म्हणून झिजत नाही.

दुसरा भाग सीलच्या फेसांचा, म्हणजे एकमेकींवर घासणाऱ्या दोन कड्यांच्या सपाट पृष्ठभागांचा; एक कार्बनचा, दुसरा सिलिकॉन कार्बाइडचा. आपण साडेपाचशे मीटर उंचीवर आहात, तिथे पाणी ९८ अंशांना उकळते, आणि आपला रस ९७ अंशांचा आहे. इम्पेलरच्या मागे, जिथे सील बसते, तिथला दाब बॅलन्स होलमुळे (इम्पेलरमधली आरपार छिद्रे) सक्शनच्या दाबाजवळच असतो. फेस घासून आणखी दोन-चार अंश वाढले की दोन फेसांमधला रसाचा पातळ थर वाफ होतो आणि फेस कोरडे पळतात. सक्शनची जाळी अर्धी बुजली असेल तर प्रश्नच नाही. कार्बनच्या फेसची कड तुटकी, पापुद्रे निघाल्यासारखी आणि सिलिकॉन कार्बाइडवर बारीक किरणांसारख्या रेघा असतील, तर हेच घडले आहे. डिस्चार्जमधून ३ मि.मी. छिद्राच्या ऑरिफिसमधून रस सील चेंबरमध्ये परत द्या, म्हणजे तिथला दाब उकळण्याच्या दाबाच्या वर राहील. ऑरिफिस ३ मि.मी.पेक्षा लहान करू नका, बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) एक तंतू ते बंद करतो.

कार्बनवरचा घासलेला पट्टा त्याच्या समोरच्या फेसवर मोजा. तो कार्बनच्या नाकापेक्षा (त्याच्या पुढे आलेल्या घासणाऱ्या कडेपेक्षा) रुंद असेल, तर शाफ्ट मध्यावर फिरत नाही. तसे असेल तर दोष माझ्या धंद्याच्या बाहेरचा आहे, तो पाइप किंवा कपलिंगमध्ये शोधावा लागेल. आणि ओ-रिंग कोणती आली तेही विचारा. इतक्या गरम पाण्याला आणि वाफेला साधे व्हिटॉन फुगते व कडक होते, ईपीडीएम बरे. पण ईपीडीएमला ग्रीस लावून बसवू नका, ते ग्रीसने सुजते. साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावा.

सोहारकर, १८ जानेवारी

मी ओमानमध्ये एका प्रक्रिया प्रकल्पात फिरत्या यंत्रांचे काम करतो. नवीन सक्शन लाइन हा शब्द वाचल्याबरोबर मला पाइपचा ताण आठवला. थंड स्थितीत ०.०४ आले याने काही सिद्ध होत नाही, कारण ते माप पाइप जोडण्याआधी घेतले की नंतर, हे आपण लिहिलेले नाही.

करून पाहायचे ते एवढेच: पंप बंद, थंड, लॉक-आउट (वीज तोडून कुलूप) करून मोटरच्या हबवर (शाफ्टवर बसवलेला कपलिंगचा अर्धा भाग) डायल गेजचा चुंबकी पाया ठेवा आणि टोक पंपाच्या हबवर, एक आडवे आणि एक उभे असे दोन डायल लावा. शून्य करा. मग सक्शन फ्लँजचे (पाइप पंपाला जोडणाऱ्या चकतीचे) बोल्ट एकेक करून सैल करा. काटा ०.०५ पेक्षा जास्त हलला, तर पाइप पंपाला ओढतो आहे. फ्लँज चेन ब्लॉकने ओढून आणि बोल्टच्या छिद्रात पहार घालून जुळवलेला असेल, तर हे नक्की सापडते. ओढलेला पंप शाफ्टला वाकवतो, हाउसिंगला चिमटतो, आणि मग सीलचा फेस प्रत्येक फेरीत एकदा उघडतो व मिटतो, म्हणजे मिनिटाला १४८० वेळा. बेअरिंगाचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते; भार दुप्पट झाला तर बॉल बेअरिंगाचे आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते, रोलरचे त्याहूनही कमी.

शिवाय रस ९७ अंशांचा आहे. पंपाच्या मध्याची उंची २८० मि.मी. धरली आणि पाय सरासरी ४० अंशांनी तापले, तर शाफ्टची रेषा ०.१३ मि.मी. वर जाते. मोटरचे पाय तेवढे तापत नाहीत. म्हणून थंड स्थितीत ०.०४ साधून उपयोग नाही, पंप मुद्दाम तेवढा खाली ठेवावा लागतो, किंवा दोन तास चालवून, थांबवून, गरम असतानाच पुन्हा मोजावे लागते. हात पोळतात, पण दुसरा मार्ग नाही.

जाता जाता मोटरकडेही पाहा. तिला ६३१३ बेअरिंग असेल, तर ग्रीसचे प्रमाण बाहेरचा व्यास १४० गुणिले रुंदी ३३ गुणिले ०.००५, म्हणजे २३ ग्रॅम. आपल्या ग्रीस गनचा एक दाब किती ग्रॅमचा आहे, हे दहा दाब कागदावर काढून काट्यावर तोलून घ्या. आमच्याकडे तोलेपर्यंत सगळे “तीन दाब” असेच म्हणत होते, कुठे ते चार ग्रॅम निघाले आणि कुठे पंधरा.

गाळपकर, २० जानेवारी

आपल्या तिघांचेही मनापासून आभार. एक संच भंगारात सापडला, दुसरा गेला. रिंगा कापल्या. एनयू ३१० च्या बाहेरच्या रिंगवर समोरासमोर दोन पट्टे स्पष्ट आहेत. ७३१० च्या दोन्ही रिंगांवर गोळ्यांच्या अंतरावर काळ्या रेघा आहेत. त्यांतल्या दोन रेघांवर नख अडकते. वाफेच्या लाइनवर ना घड्याळ आहे ना ट्रॅप, आणि माप घेण्यासाठी कॉक हळूच उघडला तेव्हा आधी अर्धी बादली पाणी आले. सीलच्या समोरच्या फेसवरचा पट्टा कार्बनच्या नाकापेक्षा जवळजवळ दीड मि.मी. रुंद आहे आणि कार्बनची कड तुटलेली आहे. म्हणजे प्रत्येकाने सांगितलेले थोडे थोडे निघाले. राखीव पंप चालू करून हा पंप मोकळा केला आहे. उद्या डायल लावतो.

जुनाफिटर, २० जानेवारी

राखीव पंपाचीही एक गोष्ट लक्षात घ्या. तो दोन महिने एकाच जागी उभा होता आणि शेजारचा पंप हादरत होता. उभ्या बेअरिंगात त्या हादऱ्याने गोळ्यांखाली खड्डे पडतात आणि चालू केल्यावर पहिल्याच दिवसापासून बारीक गुरगुर येते. कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐका. यापुढे राखीव पंपाचा शाफ्ट दर आठवड्याला हाताने सव्वा फेरी फिरवा, पूर्ण एक फेरी नको, म्हणजे तो वेगळ्या जागी थांबेल. हबवर खडूची खूण केली की पाळीवाल्याने फिरवले की नाही तेही कळते.

गाळपकर, १२ फेब्रुवारी

उशिरा लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. सक्शनचे बोल्ट सैल केल्यावर आडवा काटा ०.३२ मि.मी. फिरला आणि फ्लँजमध्ये खाली चार मि.मी. फट उघडली. ऑफ सीझनला फ्लँज चेन ब्लॉकने ओढून बसवल्याचे फिटरने स्वतःहून कबूल केले. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता, कारण टाकी कुठे येणार हे त्याला शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणी सांगितले नव्हते. शेवटचा तुकडा कापून, फ्लँज पंपाला मोकळा लावून, जागेवरच टॅक (वेल्डचा छोटा ठिपका) मारला आणि मग काढून पूर्ण वेल्ड केला. टॅक मारताना अर्थिंगची क्लॅम्प पाइपवरच होती. लाइनला एल्बोखाली सपोर्ट दिला. आता बोल्ट सैल केले तर काटा ०.०३ हलतो. गरम अलाइनमेंट दोनदा केले.

वाफ बंद करून कंडेन्सेट दिले, ऑरिफिस ३ मि.मी.चे लावले, सक्शनची जाळी प्रत्येक पाळीत पाहिली जाते. जोडीने घासलेली ७३१० नवी मागवली. पंप १९ दिवस चालू आहे. हाउसिंग ६१ अंश, कंपन ६.८ वरून २.३ मि.मी. प्रति सेकंदावर आले, बाटलीतले ऑइल स्वच्छ आहे, सील कोरडे आहे. राखीव पंपाची गुरगुर मात्र खरी निघाली, त्याची बेअरिंग्ज बदलावी लागणार.

एकच अडचण राहिली. पंपाकडच्या ऑइल सीलच्या ओठाने शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पाडली आहे आणि तिथून दिवसाला दोन-तीन थेंब ऑइल येते. आयसोलेटर यायला तीन आठवडे आहेत आणि हंगामात शाफ्ट बदलणे शक्य नाही.

जुनाफिटर, १२ फेब्रुवारी

शाफ्ट बदलू नका. ऑइल सीलच्या मागे तीन मि.मी. जाडीची रिंग टाकून सील तेवढे पुढे सरकवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर बसेल. आधी त्या जागी चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने शाफ्टवर आडवा हात फिरवा, लांबीच्या दिशेने कधीही नाही, नाहीतर त्या रेघांतूनच ऑइल बाहेर चढते. ओठाला ऑइल लावून आणि शाफ्टच्या खांद्यावर पातळ पत्र्याची नळी धरून सील चढवा, म्हणजे ओठ कापला जाणार नाही. रिंग टाकण्याआधी हाउसिंगमधली सीलची जागा किती खोल आहे तेवढी मोजून घ्या. काही पंपांत तीन मि.मी. सरकायलाही जागा नसते, तिथे पातळ दुरुस्ती स्लीव्हच चढवावी लागते.